बाळंतपणानंतरचे पहिले दोन तास

बाळ बाहेर आल्यावर गर्भाशय आवळते आणि वार सुटलेल्या जागी उघड्या पडलेल्या रक्तवाहिन्या त्या आवळण्यानेच बंद होतात. दिवस भरलेल्या बाईच्या गर्भाशयाकडे दर मिनिटाला अर्धा लिटरच्या आसपास रक्त जात असते. गर्भाशय ढिले राहिले, तर थोड्याच मिनिटांत जिवाला धोका होईल एवढे रक्त अंगावरून जाते. प्रसूतीनंतरच्या २४ तासांत ५०० मिलिलिटर किंवा त्याहून जास्त रक्त जाणे याला प्रसूतिपश्चात रक्तस्राव म्हणतात. दहापैकी सुमारे सात वेळा कारण ढिले गर्भाशय असते. उरलेल्यांत वार किंवा तिचा तुकडा आत अडकणे, प्रसूतिमार्ग किंवा गर्भाशय फाटणे आणि क्वचित रक्तच न गोठणे ही कारणे येतात. अडलेले बाळंतपण, झटके, जंतुसंसर्ग हेही जीव घेतात, पण ते बहुधा काही तासांचा, कधी काही दिवसांचा अवधी देतात. या रक्तस्रावात उपचार न मिळालेली बाई साधारण दोन तासांत दगावू शकते.

यवतमाळ जिल्ह्यात हे दोन तास कसे जातात, हे गाव कुठे आहे यावर ठरते. जिल्ह्यात १६ तालुके आहेत. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे मोठे रुग्णालय यवतमाळ शहरात आहे आणि उमरखेडपासून ते शंभर किलोमीटरहून लांब पडते. झरी-जामणी, मारेगाव, केळापूर, घाटंजी, कळंब या पट्ट्यातले कोलाम आदिवासींचे पोड, म्हणजे वस्त्या, रस्त्यापासून आत आहेत. उमरखेड तालुक्यातला बंदी भाग पैनगंगा अभयारण्याच्या जंगलाने वेढलेला आहे. पावसाळ्यात नाला भरला की वाट बंद होते. जुलै २०२३ च्या पुरात महागाव तालुक्यातल्या आनंदनगर तांड्याला पाण्याने वेढले, तेव्हा अडकलेल्या लोकांसाठी हवाई दलाची हेलिकॉप्टर मागवावी लागली. अशा रात्री कोणाला कळा लागल्या, तर रुग्णवाहिकेचा नंबर पाठ असून भागत नाही. २०१८-२० या काळात महाराष्ट्रात एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ मातामृत्यू होते आणि देशात ९७. राज्याचा हा आकडा चांगलाच आहे, पण सरासरीत पोड आणि तांडे दिसत नाहीत.

कोणत्या बाईला रक्तस्राव होईल हे आधी सांगता येत नाही. जुळी किंवा फार मोठे बाळ, बरीच बाळंतपणे, आधीचे सिझेरियन, खाली असलेली वार, लांबलेल्या कळा, मागच्या खेपेचा रक्तस्राव या गोष्टी धोका वाढवतात. त्या असणाऱ्या बाईचे नाव रुग्णालयातल्या प्रसूतीसाठी आधीच पक्के करावे. तरीही रक्तस्राव होणाऱ्या अनेक बायांत यांपैकी एकही गोष्ट नसते. विदर्भातल्याच गडचिरोली जिल्ह्यात ‘सर्च’ संस्थेने १९९० च्या दशकात ३९ गावांतल्या ७७२ बायांची गरोदरपणापासून नोंद ठेवली होती. तिथे शंभरात सुमारे तिघींना प्रसूतीनंतर लगेच जास्त रक्तस्राव झाला. ‘पहिली दोन घरीच सुखरूप झाली’ एवढ्यावर तिसरे घरी करण्याचा निर्णय म्हणूनच टिकत नाही.

धोका सांगता येत नसला, तरी तो सोसण्याची ताकद गरोदरपणात वाढवता येते. अंगात रक्त कमी असलेली बाई थोड्याशा रक्तस्रावानेही खचते. दुसऱ्या बाईला झेपले असते तेवढे रक्त तिचा जीव घेते. महाराष्ट्रात जवळपास निम्म्या गरोदर बायांना रक्तक्षय आहे. चौथ्या महिन्यापासून रोज एक लाल गोळी, निदान १८० दिवस, असा नियम आहे. गोळ्या वाटल्या जातात, पण मळमळ आणि काळी शौच यांमुळे त्या डब्यातच राहतात. गोळी रात्री जेवणानंतर घ्यावी आणि तिच्या मागेपुढे तासभर चहा टाळावा. शौचाला काळे होते ते गोळीतल्या लोहामुळे, हे आशाताईने घरच्यांसमोर सांगितले तर बहुतेक अडचण सुटते. हिमोग्लोबिन सातच्या खाली असेल किंवा दिवस भरत आले असतील, तर गोळ्यांवर विसंबू नये. शिरेतून लोह किंवा रक्त द्यायचे हे डॉक्टरांनी ठरवावे. विदर्भात सिकलसेल आढळतो, म्हणून ती तपासणी पहिल्याच भेटीत करावी. कापूस वेचणीच्या दिवसांत तपासणी चुकते, कारण एका दिवसाची मजुरी बुडते. दर महिन्याच्या ९ तारखेची मोफत तपासणी कोणत्या केंद्रात होते, हे घरात आधीच माहीत असावे.

आठव्या महिन्यात घरच्यांनी बसून काही गोष्टी ठरवाव्यात: बाळंतपण कुठे करायचे, १०८ किंवा १०२ ची गाडी आली नाही तर कोणाची गाडी मिळेल, रक्त द्यायला कोण येईल. नवरा मजुरीला परगावी असेल तर ‘हलवा’ हा शब्द कोण उच्चारणार, हेही तेव्हाच ठरावे. सासू आणि दीर यांनी एकमेकांची वाट पाहण्यात गेलेला अर्धा तास कुठलेही औषध परत देत नाही. २०११ पासून जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात शासकीय रुग्णालयातली प्रसूती, औषधे, रक्त आणि ने-आण मोफत आहे, त्यामुळे पैशासाठी थांबण्याचे कारण नाही. पावसाळ्यात ज्यांची वाट तुटते, त्यांनी तारखेच्या आठ-पंधरा दिवस आधीच माहेरघर (प्रसूतीआधी राहण्याची सोय) असलेल्या आरोग्य केंद्रात किंवा तालुक्याच्या गावी नातेवाइकांकडे मुक्कामाला जावे.

बाळ जन्मल्यावर मिनिटभरात मांडीत दिलेले १० युनिट ऑक्सिटोसिन हा प्रतिबंधाचा सर्वांत भक्कम उपाय आहे. हे औषध २ ते ८ अंशांत ठेवावे लागते. यवतमाळच्या उन्हाळ्यात फ्रिजबाहेर राहिलेल्या कुपीचा भरवसा धरता येत नाही. हेच इंजेक्शन बाळ जन्मण्याआधी, कळा वाढाव्यात म्हणून, घरी कोणी देऊ लागले तर ते थांबवावे. त्याने गर्भाशय फाटू शकते आणि बाळ गुदमरू शकते. जिथे इंजेक्शन पोहोचत नाही तिथे मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या उपयोगी पडतात. याचा भक्कम पुरावा मराठी मुलखाच्या सीमेवर, बेळगाव जिल्ह्यात मिळाला. तिथे १६२० बायांच्या अभ्यासात परिचारिकांनी बाळंतपणानंतर ६०० मायक्रोग्रॅम मिसोप्रोस्टॉल तोंडावाटे दिले. रक्तस्रावाचे प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आले. हा अभ्यास २००६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. गोळ्या घेतल्यावर थंडी वाजून ताप येऊ शकतो, तो उतरतो. मात्र पोटात दुसरे बाळ नाही याची खात्री झाल्याशिवाय गोळ्या देऊ नयेत.

सर्वांत जास्त वेळ वाया जातो तो रक्त किती गेले हे न कळल्यामुळे. रक्त गोधडीत, साडीत, सारवलेल्या जमिनीत मुरते आणि नजरेला नेहमी कमी वाटते. बेळगावातच प्रसूतीनंतर अंगाखाली लावायची, खुणा असलेली पिशवी वापरून मोजणी झाली, तेव्हा नजरेचा अंदाज सुमारे एक तृतीयांशाने कमी निघाला. अशीच पिशवी आणि लगेच एकत्र सुरू केलेले उपचार यांची परीक्षा पुढे केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातल्या ८० रुग्णालयांत झाली. २०२३ च्या निष्कर्षांत गंभीर रक्तस्राव, त्यासाठीची पोटाची शस्त्रक्रिया किंवा मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण ६० टक्क्यांनी घटलेले दिसले. २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सांगितले की नाडी किंवा रक्तदाब बिघडला असेल तर ३०० मिलिलिटरलाच उपचार सुरू करावेत.

घरी किंवा वाटेत पिशवी नसते. तिथे खूण अशी: पाच मिनिटांच्या आत कापडाची एक घडी भिजली तर ते जास्त आहे. बाईला घाबरे होणे, तहान लागणे, हातपाय गार पडणे, नाडी जलद होणे ही पुढची लक्षणे. तरुण बाईचा रक्तदाब बराच वेळ टिकून राहतो आणि मग एकदम कोसळतो. तो पडण्याची वाट पाहू नये. ‘घाण रक्त आहे, जाऊ द्या’ ही समजूत अनेक घरांत प्रेमापोटीच बोलली जाते, पण तिने बायांचे जीव गेले आहेत. बाळंतपणात जाणारे रक्त अंगातलेच चांगले रक्त असते.

रक्त जाऊ लागले की बेंबीखाली हात ठेवून गर्भाशय कडक होईपर्यंत चोळावे. बाईला लघवी करू द्यावी, कारण भरलेले मूत्राशय गर्भाशयाला आवळू देत नाही. बाळ छातीला लावावे, बाईला आडवे करून पांघरूण घालावे आणि त्याच वेळी गाडी बोलवावी. नाळ ओढू नये, पोट दाबून वार काढू नये, मार्गात कापड कोंबू नये. आरोग्य केंद्रात ऑक्सिटोसिन, शिरेतून सलाईन आणि १ ग्रॅम ट्रानेक्झॅमिक ॲसिड ही एकाच वेळी सुरू व्हावीत. ट्रानेक्झॅमिक ॲसिड पहिल्या तीन तासांतच द्यायचे असते आणि दर १५ मिनिटांच्या उशिराने त्याचा फायदा सुमारे एक दशांशाने घटतो. ‘पुढे न्या’ असे सांगून औषधाविना गाडीत घालणे ही टाळता येणारी मोठी चूक आहे. ढिल्या गर्भाशयाने रक्त थांबत नसेल तर प्रशिक्षित परिचारिकेने गाडीतही दोन्ही हातांनी गर्भाशय दाबून धरावे. बांगलादेशच्या डॉ. सईबा अख्तर यांनी रूढ केलेला, कंडोम आणि कॅथेटरचा फुगा हा अशा वेळचा स्वस्त आणि शिकता येणारा उपाय आहे. निघतानाच पुढच्या रुग्णालयाला फोन करून रक्तगट सांगावा. जिथे रक्त नाही तिथे बाईला थांबवून ठेवू नये.

धोका पहिल्या दोन तासांत सर्वाधिक असतो. तेव्हा दर १५ मिनिटांनी गर्भाशय आणि घडी तपासावी. पुढेही दीड-दोन महिन्यांपर्यंत पुन्हा रक्तस्राव सुरू होऊ शकतो, बहुधा वारेचा तुकडा राहिल्याने किंवा जंतुसंसर्गाने. घरी गेलेल्या बाळंतिणीला परत रुग्णालयात आणायला कोणी संकोचू नये. लाल गोळ्या बाळंतपणानंतरही १८० दिवस चालू ठेवाव्यात. किती रक्त गेले, किती चढवले, कारण काय होते हे माता-बालसंरक्षण कार्डावर ठळक लिहून घ्यावे. ऊसतोडीला किंवा वेचणीला परगावी जाताना ते कार्ड बरोबर असावे, म्हणजे पुढच्या गरोदरपणात तपासणारी परिचारिका, ती कुठल्याही जिल्ह्यातली असो, त्या बाईचे बाळंतपण रक्ताची सोय असलेल्या रुग्णालयातच ठरवू शकेल.