दूध-पोहे: आधी पाणी, मग दूध

चारकोपहून रिक्षा मिळवून कांदिवली स्टेशन गाठायचं, तर सकाळी कढई चढवायला सवड नसते. दूध-पोह्यांना गॅस लागतच नाही. भात भिजवून, भाजून, दाबून पोहे होतात. म्हणजे ते आधीच शिजलेले असतात. त्यामुळे थंड दुधातही फुलतात. कोकणात नरकचतुर्दशीच्या फराळात यांचा मान मोठा, पण एरवीच्या घाईतही ते हवेतच.

साहित्य (दोघांसाठी): 2 वाट्या जाड पोहे, 2 वाट्या तापवून गार केलेलं दूध, 4 चमचे किसलेला गूळ, पाव वाटी ओलं खोबरं, वेलचीपूड, चिमूटभर मीठ.

कृती:

1. पोहे चाळून चाळणीत घ्या, नळाखाली भरभर धुवा आणि 5 ते 7 मिनिटं निथळत ठेवा. ही पायरी गाळू नका. कोरडे जाड पोहे थेट दुधात टाकले, तर बाहेरून लगदा होतो, मधे कण कडक राहतो आणि दूध सगळं पिऊन टाकतात. धुतल्यावर तहान पाण्यावर भागते. दूध पोह्यांभोवती सुटं राहतं. पातळ पोहे घेतलेत तर धुऊ नका, ते दुधातच मिनिटा-दोन मिनिटांत मऊ होतात.

2. पोहा बोटांत दाबून पाहा. सहज चिरडला की गूळ, खोबरं, मीठ हलक्या हातानं कालवा.

3. वरून दूध आणि वेलचीपूड. दूध गारच हवं: गुळात थोडा आंबटपणा आणि क्षार असतात, उकळत्या दुधाला ते फाडू शकतात.

4. लगेच वाढा. डब्यात न्यायचं असेल तर दूध वेगळ्या बाटलीत.

घरातल्या मुलांना कॉर्नफ्लेक्स हवे असतील, तर हिशेब उलटा. तिथे भिजणं लांबवायचं असतं. 1994 च्या सुमारास केलॉग्ज भारतात आली, तळोज्याला कारखाना निघाला. पण आपल्याकडे सकाळचं दूध गरमच, आणि गरम दुधात फ्लेक्स बघता बघता गळतात. भाजताना त्यांत आलेल्या बारीक पोकळ्यांत गरम दूध झपाट्यानं शिरतं. म्हणून फ्रिजमधलं दूध घ्या, शक्यतो फुल क्रीम: त्यात किमान 6 टक्के स्निग्धांश असतो, टोन्डमध्ये 3. स्निग्धांशानं भिजणं जरा मंदावतं. दूध आधी वाडग्यात, फ्लेक्स वरून मूठ-मूठ, खाता खाता.