लोहाने न भरून येणारा रक्तक्षय : मायेलोडिस्प्लास्टिक आजारांची ओळख व निदान

साठी-पासष्टी उलटलेल्या व्यक्तीला जिना चढताना धाप लागू लागते, चेहरा फिकट दिसतो, दुपारनंतर अंगात त्राण उरत नाही. "आता वय झाले" असे म्हणून घरची मंडळी काही महिने काढतात. पुढे तपासणीत हिमोग्लोबिन ८ वर आलेले आढळते. लोहाच्या गोळ्या, टॉनिक, खजूर, बीट यांचा मारा सुरू होतो. आणि सहा महिन्यांनी पाहावे तर हिमोग्लोबिन जागचे हललेले नसते. आमच्या रक्तविकार विभागात मायेलोडिस्प्लास्टिक आजाराचे रुग्ण बहुधा या वाटेनेच येतात. वाटेत गेलेला हा काळ वाचवता यावा, यासाठी हा लेखप्रपंच.

आपल्या रक्तातील सर्व पेशी हाडांच्या पोकळीतील मगजात, म्हणजे अस्थिमज्जेत तयार होतात. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, रक्त गोठवणारी प्लेटलेट आठ-दहा दिवस, तर जंतूंशी लढणाऱ्या बहुतेक पांढऱ्या पेशींचे आयुष्य त्याहूनही अल्प. म्हणून मज्जेला क्षणाचीही उसंत नसते. तांबड्या पेशीच दर सेकंदाला सुमारे वीस लाख घडवाव्या लागतात. मायेलोडिस्प्लास्टिक आजारात मज्जेतील एखाद्या मूळ पेशीत जनुकीय बिघाड होतो आणि तिची सदोष प्रजा हळूहळू मज्जा व्यापते. गंमत अशी, की बहुतेक रुग्णांची मज्जा रिकामी नसून उलट पेशींनी गच्च भरलेली असते. कुंभाराचे चाक अखंड फिरावे, पण मडकी आव्यातच तडकून बाजारापर्यंत पोचूच नयेत, तसे हे आहे. तांबड्या पेशी घटल्या की थकवा, पांढऱ्या घटल्या की वारंवार ताप व जंतुसंसर्ग, प्लेटलेट घटल्या की त्वचेवर जांभळे डाग किंवा हिरड्यांतून रक्त, अशी लक्षणे दिसतात. लोह देऊन हा दोष दूर होत नाही, कारण उणीव मातीची नसून घडणीची असते.

या आजाराचा पहिला सुगावा साध्या रक्ततपासणीतही लागू शकतो. लोहाच्या कमतरतेत तांबड्या पेशी लहान होतात. येथे त्या पुष्कळदा नेहमीपेक्षा मोठ्या असतात. मात्र एवढ्यावरून निष्कर्ष काढणे घातक. आपल्याकडे, विशेषतः शाकाहारी कुटुंबांत, बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता फार आढळते आणि तिच्यातही पेशी मोठ्या होतात, मज्जेचे चित्रही फसवे दिसते. दीर्घकाळ मद्यपान, एचआयव्ही, काही औषधे, तांब्याची कमतरता हीही अशीच सोंगे घेतात. क्षयरोगावरील आयसोनियाझिडमुळे क्वचित मज्जेत असाच दोष दिसतो, आणि काही भस्मांतून पोटात गेलेल्या शिशानेही तो उद्भवतो. म्हणून रुग्ण कोणकोणती औषधे घेतो, त्यांत वैद्याच्या पुड्याही आल्या, हे विचारल्यावाचून आम्ही पुढे जात नाही. एका जीवनसत्त्वाच्या इंजेक्शनांनी बरा होणारा माणूस कर्करोगाचा रुग्ण ठरू नये, हे आम्हांला लवकर निदान करण्याइतकेच महत्त्वाचे वाटते.

ही कारणे वगळल्यानंतर मज्जेची तपासणी करावी लागते. तिच्याविषयी समाजात फार धास्ती आहे. "मणक्यातून पाणी काढतात आणि पाय जातात" हे वाक्य आम्ही वरचेवर ऐकतो. वस्तुतः या तपासणीत मणक्याला स्पर्शही होत नाही. कमरेच्या मागील बाजूच्या हाडाजवळची जागा बधिर करून सुईने थोडी पातळ मज्जा व हाडाचा एक बारीक तुकडा घेतात. मज्जा ओढताना क्षणभर तीव्र कळ येते, ते लपवण्यात अर्थ नाही; पण अर्ध्या-पाऊण तासात काम होते आणि रुग्ण बहुधा त्याच दिवशी घरी जातो.

सूक्ष्मदर्शकाखाली पेशींची घडण पाहिली जाते. पांढऱ्या पेशीचे अनेक खंडांचे केंद्रक चष्म्याच्या दोन भिंगांसारखे दोनच खंडांचे उरते. लोहाचे कण तांबड्या पेशींच्या पूर्वज पेशींत केंद्रकाभोवती कड्यासारखे जमतात. एखाद्या प्रकारच्या पेशींपैकी किमान १० टक्के पेशींत असे दोष असतील, तरच त्यांना महत्त्व दिले जाते. अपक्व पेशींचे प्रमाणही मोजतात. १९८२ च्या वर्गीकरणात ते ३० टक्क्यांवर गेले की तीव्र रक्तकर्करोग मानत. जागतिक आरोग्य संघटनेने २००१ मध्ये ही सीमा २० टक्क्यांवर आणली.

मज्जेच्या दुसऱ्या नमुन्यातील जिवंत पेशी वाढवून त्यांची गुणसूत्रे तपासतात. या अहवालाला दोन-तीन आठवडे लागतात आणि नातेवाईकांची चिडचिड होते. परंतु पुढची सारी दिशा त्यावर ठरते. पाचव्या गुणसूत्राचा एक भाग एवढाच काय तो गळालेला असेल, तर आजार सहसा सौम्य असतो आणि लेनालिडोमाइड या गोळीने पुष्कळांची रक्त चढवण्यातून सुटका होते. सातवे गुणसूत्रच नाहीसे झाले असेल, तर चिंता वाढते.

"हा कर्करोग आहे का?" असे आम्हांला दबक्या आवाजात, रुग्णाला बाहेर बसवून विचारतात. २०२२ च्या वर्गीकरणाने त्याला त्या गटात घातले आहे, हे खरे. पण सुमारे एक तृतीयांश रुग्णांतच तो तीव्र रक्तकर्करोगात परिवर्तित होतो, आणि सौम्य प्रकारांत माणसे अनेक वर्षे घरच्या व्यवहारात वावरतात. ज्याला महिन्या-दोन महिन्यांनी रक्त घ्यायला यायचे आहे, त्याच्यापासून आजाराचे नाव दडवणे आम्हांला योग्य वाटत नाही. आजार समूळ बरा करणारा उपाय आजही मूळ पेशींचे प्रत्यारोपण हाच असून तो वयामुळे थोड्यांनाच झेपतो. इतरांसाठी एरिथ्रोपोएटिनची इंजेक्शने, अॅझासिटिडिन आणि रक्तसंक्रमण यांचा आधार असतो.

येथे देणगीदारांसाठी एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत व १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीने राखून ठेवल्या जातात. पण या आजाराचा रुग्ण खाटेवर फारसा राहतच नाही. तो सकाळी येतो, रक्ताची पिशवी घेऊन संध्याकाळी जातो आणि काही आठवड्यांनी पुन्हा येतो. त्याचा खर्च गुणसूत्रांच्या व जनुकांच्या तपासण्यांत आणि पिशव्यांत साचत जातो. शिवाय प्रत्येक पिशवीबरोबर २०० ते २५० मिलिग्रॅम लोह शरीरात शिरते, तर शरीर दिवसाला एक-दोन मिलिग्रॅमच बाहेर टाकू शकते. ते पुढे हृदयात व यकृतात साठते आणि ते उतरवण्याची औषधे निराळी घ्यावी लागतात. अशा रुग्णाला कोणी प्रेमाने लोहाचे टॉनिक पाजत असेल, तर ते आधी बंद करावे.

नातेवाइकांना एक विनंती. प्रकृती तातडीची नसेल, तर बाहेर रक्त चढवण्यापूर्वी तपासणीचे नमुने घेण्याचा आग्रह धरावा. दुसऱ्याचे रक्त मिसळले की पेशींचे मूळ चित्र झाकले जाते. आणि येताना जुने रक्ताचे अहवाल, अगदी पाच-सात वर्षांपूर्वीचेसुद्धा, एका पिशवीत घालून आणावेत.