लिंबूटिंबू

खेळाच्या तासाची घंटा झाली, की सातवीचा वर्ग मैदानाकडे धाव घेई. त्या वर्गात एक मुलगा होता. त्याच्या डाव्या पायात बळ नव्हते. तो कुबडी घेऊन चाले. इतर मुले खो-खो खेळत आणि तो चिंचेखाली सर्वांच्या चपला राखीत बसे. हे काम त्याला कोणी दुष्टपणाने दिले नव्हते. “तुला धावण्याचा त्रास नको,” असे मुले म्हणत, आणि ते मनापासून म्हणत. त्याला काय हवे आहे, हे मात्र कोणी विचारीत नसे.

एके दिवशी त्यानेच विचारले, “मला खेळायला घ्याल का?” मुले क्षणभर गोंधळली. मग त्यांच्यातील एकजण म्हणाला, “ये, तू लिंबूटिंबू!”

लिंबूटिंबू म्हणजे काय, हे मराठी मुलांना सांगावयास नको. तो खेळात असतो आणि नसतोही. धाकट्या भावंडांसाठी ही युक्ती नामी आहे. ती रडत नाहीत आणि खेळही अडत नाही. पण बारा वर्षांच्या मुलाला ती कशी रुचावी? त्याला शिवले तरी तो बाद होत नसे. पाठलाग करणारा गडी त्याला वळसा घालून दुसऱ्यामागे धावे. दोन दिवस तो हसत खेळला. तिसऱ्या दिवशी तो पुन्हा चिंचेखाली जाऊन बसला.

शिक्षकांनी हे पाहिले. शाळेने दिव्यांग मुलांना खेळाची संधी इतरांच्या बरोबरीने द्यावी, असे 2016 च्या कायद्यात सांगितलेच आहे. पण बरोबरी कायद्याने मैदानापर्यंत येते, खेळात तिला गड्यांनीच घ्यावे लागते. खेळाचे नियम तरी कोणी केले? माणसांनीच. लंगडीत दोन्ही पाय धड असलेला गडी एक पाय मुद्दाम उचलून धरतो. आंधळ्या कोशिंबिरीत डोळसाच्या डोळ्यांवर पट्टी बांधतात. नेदरलँड्समध्ये 1956 साली बसून खेळावयाचा व्हॉलीबॉल सुरू झाला. 1980 पासून तो पॅरालिंपिकमध्ये आहे. त्यात पुरुषांच्या सामन्यात जाळीची उंची अवघी 1.15 मीटर असते. चेंडू मारताना बैठक जमिनीवरून उचलली, की गुण प्रतिपक्षाला!

शिक्षकांनी दोन खांबांना तेवढ्याच उंचीवर दोरी बांधली आणि सगळ्या वर्गाला खाली बसविले. पहिली दहा मिनिटे नुसता गोंधळ झाला. वर्गातील पट्टीचे धावपटू हातांवर सरकताना घामाघूम झाले. चेंडू आला, की सवयीने उठू लागले. कुबडीने ज्याचे दंड बळकट झाले होते, त्याने ओळीने तीन गुण मिळविले. चौथ्या चेंडूला मात्र पलीकडून एकच ओरडा झाला, “उठलास! उठलास! गुण आमचा!”

“मुळीच उठलो नाही!” तो तावातावाने म्हणाला. पलीकडचे ऐकेनात. त्याचे गडी त्याच्या बाजूने भांडू लागले. शेवटी शिक्षकांनी शिट्टी वाजवून गुण प्रतिपक्षाला दिला, तेव्हा तो कपाळाला आठ्या घालून पुटपुटत आपल्या जागी सरकला.

चिंचेखाली चपला अस्ताव्यस्त पडल्या होत्या.