मार्कशीट आधी वाच, मग रड

अगं, इंटरचा पहिला ग्रुप राहिला म्हणून ‘मावशी, सीए आपल्या आवाक्यातलं नाही’ म्हणतेस. कुठल्या पेपरला किती पडले विचारलं, तर नीट बघितलेलंही नाहीस. मग आवाक्याचं ठरवलं कशावरून?

निकालाच्या आठवड्यात कसलाच निर्णय घ्यायचा नाही. सीए सोडायचं नाही आणि नवा क्लासही लावायचा नाही. रडायचं ते रडून घे, जेव, झोप. मग कागद-पेन घेऊन बस.

प्रत्येक पेपरात किमान 40 आणि तीन पेपरांची बेरीज 300 पैकी 150, एवढाच हिशोब आहे. समज, तुला 62, 48 आणि 37 पडले. बेरीज 147. घरच्यांना फक्त ‘नापास’ ऐकू येतं. पण साठ ओलांडल्यामुळे 62ला एक्झम्प्शन लागलं. पुढचे तीन अटेम्प्ट तो पेपर द्यायचा नाही, आणि ते 62 बेरजेत धरले जातात. राहिल्या दोन पेपरांत मिळून 88 हवेत, दोन्हीकडे चाळिशी गाठून. आता सांग, हे आवाक्याबाहेरचं आहे का?

म्हणूनच पहिला पेपर बिघडला तरी पुढच्याला दांडी मारायची नाही. ग्रुपचे सगळे पेपर दिले असतील तरच एक्झम्प्शन मिळतं. एक पेपर सोडून घरी बसणारी हुशार मुलं मी पाहिलीत. दुसऱ्या पेपरातले साठ त्यांनी स्वतःच्या हाताने घालवले.

मग उत्तरपत्रिकेची सर्टिफाइड कॉपी मागव. त्याची फी मी देते. इन्स्टिट्यूटची सजेस्टेड आन्सर्स शेजारी ठेवून प्रत्येक प्रश्न तपास. येत नव्हतं, की येत होतं पण वर्किंग नोट दाखवली नाही, की वेळच पुरला नाही? तिन्हींची औषधं वेगळी. तुम्हा मुलांचा रोग बहुतेक तिसरा असतो. लेक्चर दुप्पट स्पीडने बघायची आणि हाताने लिहायचं काहीच नाही! आठवड्यातून दोनदा घड्याळ लावून तीन तास पूर्ण पेपर लिही. रिव्हिजन टेस्ट पेपर (आरटीपी) आणि मॉक पेपर फुकट मिळतात, ते वापर.

दोन्ही ग्रुप एकदम द्यायचे का, हे मैत्रिणींना विचारून ठरवू नको. एकदम दिले तर एका ग्रुपची कमी बेरीज दुसऱ्याच्या जादा मार्कांनी भरून निघते, हा फायदा खरा. पण सहाही पेपरांची उजळणी होत नसेल तर तो फायदा कागदावरच राहतो. तू आत्ता एकच दे.

वर्ष वाया गेलं, हे रडगाणं तर बंदच कर. परीक्षा आता वर्षातून तीनदा होते, जानेवारी, मे आणि सप्टेंबरमध्ये. आणि वाया गेलेल्या वर्षाचंच म्हणशील, तर आर. शिवभोगम स्वातंत्र्यचळवळीत तुरुंगात जाऊन आल्या आणि 1933 साली देशातल्या पहिल्या महिला अकाउंटंट झाल्या. थोरांच्या गोष्टी सांगून धीर देणं मला फारसं आवडत नाही, पण ही बाई आपल्याच धंद्यातली.

दोन्ही ग्रुप निघाल्याशिवाय आर्टिकलशिप नाही, हे खरं. तोवर सकाळचे तीन-चार तास एखाद्या फर्ममध्ये जा. टॅलीतल्या एंट्र्या, जीएसटी रिटर्न, टीडीएस, पडेल ते काम कर. हातखर्च सुटतो, आणि पुस्तकातलं कलम खऱ्या बिलावर दिसलं की डोक्यात बसतं. परीक्षेच्या दोन महिने आधी मात्र सुट्टी घ्यायची, हे मालकाला पहिल्याच दिवशी सांग.

लग्नाकार्यात ‘झालीस का गं सीए?’ विचारणारे भेटतीलच. ‘अजून इंटर चालू आहे’ म्हणायचं आणि जेवायला बसायचं. बाबांशी मात्र लपवाछपवी नको. किती अटेम्प्ट द्यायचे, खर्च कुठवर करायचा, हे आईबाबांबरोबर बसून एकदाच ठरव आणि लिहून ठेव. म्हणजे दर निकालाला घरात तोच तमाशा होत नाही.

आणि फॉर्म सुटला की पहिल्या दोन दिवसांत भर. शेवटच्या दिवशी साइट हमखास अडकते.