औषधसाठा : हिशेब कुप्यांचा की रुग्णांचा?

पिरियापट्टण (जि. म्हैसूर) हा तंबाखू पिकविणारा तालुका. अशा शेतीप्रधान भागातील रुग्णालयाने सर्पदंशावरील प्रतिविष किती साठवावे?

खर्चानुसार केलेले 'अ-ब-क' वर्गीकरण भांडवल कोठे गुंतले ते दाखविते. प्राण कशावर अवलंबून आहेत, हे निकडीनुसार केलेले वर्गीकरणच सांगते.

फेरखरेदीची पातळी म्हणजे सरासरी दैनिक खप गुणिले पुरवठ्यास लागणारे दिवस, अधिक राखीव साठा. तथापि विषबाधेत पहिली मात्राच साधारणतः ८ ते १० कुप्यांची असते. साठावहीत पाच कुप्या शिल्लक दिसल्या, तरी एका रुग्णासही त्या अपुऱ्या. म्हणून राखीव साठा कुप्यांत नव्हे, रुग्णांत मोजावा.

कर्नाटकाने २०२४ मध्ये सर्पदंशाची नोंद सक्तीची केली. त्या नोंदींवरून पावसाळ्यापूर्वीच मागणी ठरविता येते. आधी मुदत संपणारी कुपी आधी वापरावी.