धोट्यातला धागा

तुमच्या अंगावरचे कापड जरा बोटांत धरून पाहा. त्यात उभे धागे दिसतात, आडवे धागे दिसतात. उभा तो ताणा आणि आडवा तो बाणा. हा आडवा धागा इकडून तिकडे कोण नेतो? धोटा. धोटा म्हणजे होडीच्या आकाराचा लाकडी तुकडा. त्याच्या पोटात सुताची कांडी बसवतात. आजचा आपला धडा या धोट्याचा आहे. तसाच तो माणसांचाही आहे.

मुंबईच्या कापडगिरण्यांत मागाला साचा म्हणत आणि विणणाऱ्याला साचेवाला. कांडी संपली की साचेवाला नवी कांडी धोट्यात घाली. मग सुताचे टोक धोट्याच्या बारीक भोकातून बाहेर काढावे लागे. बोटाने ते निघत नसे. साचेवाला भोकाला तोंड लावी आणि श्वास आत ओढी. श्वासाबरोबर सूत बाहेर येई. दिवसातून कितीतरी वेळा असे चाले. पाळी बदलली की तोच धोटा दुसऱ्याच्या तोंडाला लागे.

इथेच घोडे अडले. ज्या जातींना अस्पृश्य मानत, त्यांच्या कामगारांना विणकाम खात्यात घेत नसत. "त्यांनी तोंड लावलेला धोटा आम्ही कसा तोंडाला लावावा? आम्ही बाटू ना!" असे इतर कामगारांचे म्हणणे. विणकामात पगार चांगला मिळे. कताईच्या खात्यात कमी मिळे. म्हणून या लोकांनी कमी पगाराच्या खात्यातच राहायचे. एवढ्याशा भोकापायी किती घरांतली भाकरी अर्धी झाली, पाहा! आणि अडवणारे कोण? तेही घाम गाळणारे कामगारच.

१९२८ साली मुंबईच्या गिरण्यांत मोठा संप झाला. तो सुमारे सहा महिने चालला. त्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न धसास लावला. कामगारांचे सगळे हक्क मागता, मग सर्व खाती सर्वांना मोकळी करा ही मागणीही त्यांत घाला, असा त्यांनी संपाच्या पुढाऱ्यांकडे आग्रह धरला. त्यांचे म्हणणे सरळ होते. मालकाकडे न्याय मागायचा, तर तो आपसातही पाळला पाहिजे.

आता एक गंमत ऐका. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने तोंडाने सूत ओढायचा धोटा १९११ सालीच कायद्याने बंद केला होता. एकाचा रोग दुसऱ्याच्या तोंडात जाईल, ही तिथली भीती. हाताने सूत ओवता येईल असे धोटेही तेव्हा निघाले होते. म्हणजे खोट अवजारात होती, आणि अवजार बदलता येत होते. आपल्याकडे मात्र धोटा तसाच ठेवला आणि माणूस दाराबाहेर ठेवला.

पण नुसता धोटा बदलून भागले असते का? आम्हांला तसे वाटत नाही. मनात अढी असली की माणसाला दुसरे निमित्त सापडते. आज पाण्याचा माठ, उद्या बसायची जागा. म्हणून दोन्ही बदलावे लागते, अवजारही आणि मनही. १९५० साली अमलात आलेल्या आपल्या राज्यघटनेने अस्पृश्यता नष्ट केली. १९५५ च्या कायद्याने ती पाळणाऱ्याला शिक्षा ठरली.

बायकांचे काय झाले? गिरणीच्या रिळिंग आणि वायंडिंग खात्यांत पुष्कळ बायका काम करीत. मुंबई इलाख्यात १९२९ साली बाळंतपणाच्या मदतीचा कायदा झाला. कायदा चांगला, पण काही मालकांनी वेगळाच हिशेब केला. "मदत द्यावी लागते ना? मग बाईच नको!" पुढे गिरण्यांतल्या बायका कमी कमी होत गेल्या. यातून शिकायचे ते हे, की हक्क कागदावर आला म्हणजे काम संपले नाही. तो हातात पडतो की नाही, हेही पाहावे लागते.

१९८२ च्या संपानंतर मुंबईच्या बऱ्याच गिरण्या बंद पडल्या. आज लालबाग-परळला भोंग्याच्या जागी उंच इमारती आणि कचेऱ्या दिसतात. काम बदलले, तसे नियमही बदलले. त्यांतले काही आपण ध्यानात ठेवू.

बाळंतपणाची पगारी रजा २०१७ सालापासून पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची झाली. पूर्वी ती १२ आठवडे होती.

कामाच्या जागी बाईची छेड काढली, तर त्यासाठी २०१३ चा कायदा आहे. १० किंवा जास्त माणसे काम करतात, तिथे मालकाने तक्रार समिती नेमलीच पाहिजे. तिची अध्यक्ष बाईच असते. जागा लहान असेल, किंवा तुम्ही घरकाम करीत असाल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते. तक्रार तीन महिन्यांच्या आत लेखी द्यावी. लिहिता येत नसेल, तर लिहून द्यायला समितीने मदत केली पाहिजे.

अपंगांसाठी २०१६ चा कायदा आहे. सरकारी नोकऱ्यांत निदान शेकडा ४ जागा त्यांच्यासाठी राखायच्या असतात.

पण कायदा दारापर्यंत आणून सोडतो. आत गेल्यावर माणसांशीच गाठ असते. नवा माणूस कामावर आला की आपण काय विचारतो? "आडनाव काय? गाव कुठले?" काम येते का, हे मागाहून! पायाने अधू माणसाला आपण म्हणतो, "याला जिना चढवत नाही." खरे तर उतार बांधला, तर तो वर येईल. परप्रांतातला कामगार मराठी बोलताना अडखळला की आपण हसतो. तो शिकू पाहतो आहे, हे विसरतो.

म्हणून कोणी म्हणाले, "हे काम याला जमणार नाही," तर आपण दोन प्रश्न विचारावेत. अडचण खरेच माणसात आहे, की धोट्यात आहे? आणि धोटा बदलायला आपली तयारी आहे का?

एका धाग्याचे कापड होत नाही. ताणा हवा, बाणाही हवा. यात वरचढ कोण? कापड फाडून पाहिले तरी सापडणार नाही.

विचार करा व सांगा
१. विणकाम खात्याचे दार कोणी अडवले होते? त्यात कोणाचे नुकसान झाले?
२. तुमच्या कामाच्या जागी एखादा 'जुना धोटा' आहे का? तो कसा बदलता येईल?
३. तुमच्या जिल्ह्यातली स्थानिक समिती कुठे आहे, ते जिल्हाधिकारी कचेरीत विचारा आणि पत्ता वहीत लिहून ठेवा.