महार रेजिमेंटचा बिल्ला

नाशिकरोड कॅम्पला तोफखान्याचे संग्रहालय आहे. महार रेजिमेंटच्या आठवणी पाहायच्या तर मात्र मध्य प्रदेशात सागरला, तिच्या केंद्रावर जावे लागते. विद्यार्थ्यांनी थोडा इतिहास वाचून जावे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजांनी ‘लढवय्या जाती’ ठरवून महारांची भरती बंद केली. महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभारली. गरज सरली, १९२१ मध्ये मोडली. पुढे डॉ. बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला. १९४१ मध्ये ते व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर आले आणि १ ऑक्टोबरला बेळगावात पहिली बटालियन उभी राहिली. आपल्या काळाराम सत्याग्रहाला तेव्हा अवघी अकरा वर्षे झाली होती. देवळाच्या दारात ज्यांना अडवले, त्यांच्याच हाती बंदुका!

युद्धकाळातील बिल्ल्यावर भीमा कोरेगावचा स्तंभ होता. स्वातंत्र्यानंतर त्या जागी खंजीर आला. कोणाच्या घरी आजोबांचा असा बिल्ला ट्रंकेत पडून असेल तर तो मोडीत देऊ नये. आधी पुसून पाहावा, स्तंभ आहे की खंजीर.